बुजवलेल्या खिडक्या

बाबा, त्या जुन्या शाळेचं काम गेल्या आठवड्यात एकदाचं संपलं आणि ते दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना. शाळा इथली, अमेरिकेतल्या श्रूजबरीजवळच्या गावातली, पण बांधलेली थेट इंग्लंडमधल्यासारखी: लाल विटा, टोकदार कमानी, मधोमध चौकोनी मनोरा आणि वर्गावर्गात छतापर्यंत गेलेल्या दगडी चौकटींच्या खिडक्या. मापं घ्यायला पहिल्यांदा गेले तेव्हा जिन्यातच थबकले. नागपूरची तुमची शाळा अशीच होती. तुम्ही तिथे ड्रॉइंग शिकवता, रविवारी मला सोबत नेता, मी रिकाम्या वर्गात बसून खिडकी काढते: एक चौकट, आत फुली. तुम्ही कागद उलटा ठेवता. "ही खिडकी नाही, भोक आहे. आधी उजेड कुठे पडतो ते बघ, मग पेन्सिल उचल." मी रडले होते. आर्किटेक्ट झाले ती बहुधा त्या रविवारांमुळेच.

इथल्या कमिटीला खिडक्यांचा वरचा अर्धा भाग विटांनी बुजवून छत खाली आणायचं होतं, सगळी ऊब बाहेर जाते म्हणून. मीटिंगमध्ये मी म्हणाले, आतून दुसरी काच बसवू, उजेड राहील. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याकडे थंडी नसते ना, म्हणून तुम्हाला खिडक्यांचं कौतुक." सगळे हसले. मीही हसले. बुजवण्याचा ठराव पास झाला, आणि इमारत मला पाठ म्हणून बॉसने ड्रॉइंग्ज माझ्याकडेच दिली. घरी नवरा म्हणाला, "सोड ना यार, शाळा पाडत तर नाहीयेत." खरं होतं त्याचं. गेला सगळा उन्हाळा, पंच्याऐंशी सालचा, मी कागदावर कमानी अर्ध्यावर कापत बसले.

परवा शेवटचं बघायला गेले ती मनात राग घेऊनच. बाहेर बर्फ, वर्गात भर दुपारी ट्यूबलाइट. तिथल्या वयस्क बाई माझा हात धरून म्हणाल्या, "थँक गॉड! गेल्या वर्षी मुलं हातमोजे घालून लिहायची."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद टेबलाच्या खणातच राहणार, म्हणून लिहिते. बाई गेल्यावर मी कोट काढला, एका छोट्या बाकावर टेकले, आणि त्या उबेत मला फार बरं वाटलं, बाबा. वर बघितलंसुद्धा नाही.