आमच्या नळाचे पाणी पुन्हा तपासून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य रसायनज्ञ,
पाणी तपासणी प्रयोगशाळा,
शहर पाणीपुरवठा विभाग.

अर्जदार : माजी पाणी-तपासनीस (सेवानिवृत्त), तिसरा मजला, जिन्यालगतचे घर.

विषय : अर्जदाराच्या स्वयंपाकघरातील नळाच्या पाण्याचा नमुना येत्या सोमवारच्या आत तपासून सहीशिक्क्यानिशी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने खिडकी क्रमांक तीनवर समक्ष केलेली विनंती व तेथील लिपिकांचे तोंडी उत्तर, "काका, पाणी चांगलंच असतंय की. दाखला कशाला हवा?"
२) अर्जदाराच्या पत्नीने पाणी गाळायचे यंत्र परत पाठवण्याबाबत स्वयंपाकघरात काढलेला तोंडी आदेश.

महोदया,

अर्जदार आपल्याच प्रयोगशाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. अर्जाचे कारण सरकारी नसून घरगुती आहे. त्यामुळे लिहिताना संकोच वाटतो, पण गप्प बसल्यास त्याहून जास्त वाटेल, म्हणून सर्व हकिगत क्रमाने मांडत आहे.

१. अर्जदाराने एकतीस वर्षे रोज पहाटे बारा ठिकाणच्या बारा नळांवरून बारा बाटल्या भरल्या. नळाचे तोंड ज्योतीने शेकायचे, पाणी दोन मिनिटे वाहू द्यायचे, आणि बाटलीचे बूच हातातच धरायचे, खाली ठेवायचे नाही. हे आपणांस सांगण्याची गरज नाही, कारण आपण नव्याने रुजू झालात त्या आठवड्यात बूच कठड्यावर ठेवल्याबद्दल अर्जदारानेच आपणांस तीन वेळा त्याच नळावर परत पाठवले होते. त्या गोष्टीचा या अर्जाशी संबंध जोडू नये, ही विनंती.

२. गेल्या वर्षी अर्जदाराच्या सुनेने, जी दातांच्या दवाखान्यात काम करते, घरी पाणी गाळणारे यंत्र असावे असा विषय काढला. तिच्या दवाखान्यात तसे यंत्र असून त्यातून गरम, थंड आणि साधे असे तीन प्रकारचे पाणी येते. "पिकते तेथे विकत नाही" ही म्हण अर्जदाराने ऐकली होती. ती आपल्याच जेवणाच्या टेबलावर खरी होईल असे वाटले नव्हते. ज्या घरातला माणूस शहराचे पाणी तपासत आला, त्या घरात पाणी गाळायचे यंत्र आणणे म्हणजे आचाऱ्याच्या घरी बाहेरून डबा लावण्यासारखे आहे, असे अर्जदाराने शांतपणे सांगितले. शांतपणे नव्हे, असे पत्नीचे म्हणणे आहे. तेही येथे नमूद करत आहे.

३. तरीही सर्वजण दुकानात गेले. डोक्यावर मोठी बाटली पालथी घालायचे एक यंत्र होते, ते अर्जदाराने पाहताक्षणी नाकारले, कारण त्या बाटलीत पाणी किती दिवस उभे असते हे विक्रेत्यास सांगता येईना. दुसरे ओट्यावर ठेवायचे होते आणि त्याची नळी थेट नळाच्या पाइपास जोडता येत होती. अर्जदाराने त्याविषयी अकरा प्रश्न विचारले. आठव्या प्रश्नाला विक्रेता पाणी प्यायला गेला. परत आला तो हातात विजेच्या तारेला जोडलेल्या दोन लोखंडी कांड्या घेऊन. त्याने काचेच्या ग्लासात नळाचे पाणी घेतले, त्यात कांड्या बुडवल्या, बटण दाबले, आणि अर्ध्या मिनिटात पाणी तपकिरी झाले. यंत्राच्या पाण्यात त्याच कांड्या बुडवल्या, ते तसेच स्वच्छ राहिले.

४. वास्तविक तो रंग लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात जे निरुपद्रवी क्षार असतात त्यांच्यातून वीज वाहते व कांडी झिजून गंज उतरतो, यंत्र ते क्षार काढून टाकते म्हणून त्याचे पाणी तसेच राहते, एवढाच तो खेळ. अर्जदाराने हे दुकानात, मग पायऱ्यांवर, मग घरी येईपर्यंत सर्व रस्ताभर समजावून सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी. पत्नीने ग्लासकडे बघून एकच वाक्य उच्चारले, ते जसेच्या तसे देत आहे : "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला हे पाजलंत?"

महोदया, अर्जदारावर सेवाकाळात दोन वेळा खुलाशाची नोटीस निघाली होती. त्यांतली एकही या वाक्याइतकी लागली नाही.

५. ओट्यावरचे, गरम पाणीही देणारे ते यंत्र आले. ते भरताना एक गोड आवाज म्हणतो, "आपले पाणी शुद्ध आहे." हेच वाक्य नोंदवहीत लिहिण्यापूर्वी अर्जदारास, जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी, नमुना अठ्ठेचाळीस तास उबेत ठेवावा लागे. यंत्रास ते म्हणायला दोन सेकंद लागतात. अर्जदाराने त्या यंत्रास हात लावायचा नाही अशी शपथ घेतली व तो सर्वांदेखत मोरीजवळच्या नळाचे पाणी, जरा आवाज करून, पिऊ लागला. पत्नी म्हणाली, "प्या, प्या. फक्त हट्ट तेवढा गाळून प्या."

६. आता गुन्ह्याची कबुली. ओट्याखाली, कचऱ्याच्या डब्यामागे, अगदी भिंतीला लागून एक छोटा खटका आहे. तो उभा असला की पाणी यंत्राच्या गाळणीतून जाते. आडवा केला की गाळणीला वळसा घालून नळाचे पाणी तसेच्या तसे बाहेर येते. यंत्र बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना अर्जदार ओट्याखाली पालथा शिरला आणि तो खटका आडवा केला. बाहेर येताना कंबर धरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढचे आठ दिवस पत्नी कमरेला तेल चोळत होती व "एवढं काय उचललंत?" असे विचारत होती. अर्जदार "काही नाही" असे उत्तर देत होता. पुन्हा त्या ओट्याखाली डोकावण्याची कमरेची व मनाची दोन्ही ताकद राहिली नाही.

७. त्यानंतर नवल वर्तले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पत्नीचे थोरले बंधू आले. जगात एकही विषय असा नाही ज्यावर त्यांचे मत नाही. दोन ग्लास पाणी पिऊन ते म्हणाले, "वा! पोटात उतरताना कळतसुद्धा नाही. पहिल्या पाण्याला कसा जडपणा होता." खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई रोज बाटली भरून नेऊ लागल्या, त्यांचा वरचा स्वर मोकळा झाला. सून म्हणाली, चहाला आता चहाची चव येते. अर्जदार खुर्चीत बसून हे ऐके. कोणी पाणी वाखाणले की त्याला वाटे, हे माझे, आपल्या खात्याचे, रोज बारा बाटल्यांचे पाणी आहे, आणि हे लोक यंत्राचे नाव घेऊन त्यालाच चांगले म्हणत आहेत. आलेल्या प्रत्येकाला तो "पाणी कसं वाटलं?" असे विचारू लागला. टपाल घेऊन येणाऱ्यालाही विचारले. ते सहा महिने अर्जदाराच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे कबूल करण्यात लाज वाटत नाही.

८. गेल्या बुधवारी अर्जदार फेरफटका मारून परतला तेव्हा स्वयंपाकघरात कंपनीचा मेकॅनिक बसलेला दिसला. सहा महिन्यांनी गाळणीची नळकांडी बदलायची असते, ती त्याने काढून हातात धरली होती. अर्जदाराच्या तोंडचे पाणी पळाले. पण मेकॅनिक भलतेच बोलत होता : "काकू, ही बघा. सहा महिन्यांत ही पिवळी पडते, काही घरांत तर मातीसारखी होते. तुमची कोरी करकरीत! तुमच्याकडं येणारं पाणीच एवढं चांगलं आहे की मशीनला कामच नाही. मी आमच्या कंपनीचं खातो, तरी खरं ते सांगतो."

कोरी असणारच. पहिले दोन दिवस सोडले तर तिच्यातून पाण्याचा थेंबही गेला नव्हता, हे त्या खोलीत एका माणसाला ठाऊक होते आणि तो दारात चपला हातात घेऊन उभा होता.

९. यानंतर जे घडले त्यासाठी अर्जदार तयार नव्हता. पत्नी, जिने छत्तीस वर्षांच्या संसारात चूक कबूल केल्याचा पुरावा उपलब्ध नाही, ती मेकॅनिकदेखत, सुनेदेखत म्हणाली, "चुकलंच माझं. त्या लोखंडाच्या कांड्यांवर विश्वास ठेवला आणि घरच्या माणसावर नाही ठेवला." तिचे डोळे भरून आले होते. तिने तेथल्या तेथे सोमवारी यंत्र परत न्यायला सांगितले.

महोदया, जे ऐकण्यासाठी अर्जदार वर्षभर झुरला, ते ऐकले, पण अंगी लागेना. नमुना न घेता निकाल लिहिणे याहून मोठा गुन्हा आपल्या प्रयोगशाळेत नाही. अर्जदाराने पावसाळ्यात, तापात, मुलाच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा तसे केले नाही. आणि आता बायकोच्या तोंडची माफी तो अशा निकालावर खिशात घालत होता. शिवाय चोराच्या मनात चांदणे म्हणतात तसे एक भय शिरले. आपल्या खात्याचे पाणी मुख्य वाहिनीत उत्तम असते, याची खात्री आहे. परंतु इमारतीच्या गच्चीवरची टाकी खात्याच्या अखत्यारीत येत नाही. तेथून पुढे घरापर्यंत पाणी कसे येते, हे अर्जदाराने कधीच तपासलेले नाही. केवळ मान राखायला घरच्यांना सहा महिने न तपासलेले पाणी पाजले असेल तर?

१०. सबब विनंती की, आपला माणूस पाठवून स्वयंपाकघरातील नळाचा नमुना रीतसर घ्यावा. निकाल चांगला आल्यास तो पत्नीस दाखवून अर्जदार तिची माफी हक्काने घेईल. वाईट आल्यास यंत्र राहील आणि अर्जदार तोंड लपवायला जागा शोधेल.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी.

वरील मजकूर लिहून झाला. परंतु तो खिडकीवर देण्यापूर्वी ज्या व्यक्तीस फसवले तिने तो आधी ऐकावा, असे अर्जदाराच्या मनाने घेतले. म्हणून आज सकाळी पत्नी मटार सोलत असता अर्जदाराने समोर बसून संपूर्ण अर्ज तिला वाचून दाखवला. परिच्छेद सहा आला तरीही ती मटार सोलतच होती. शेवटपर्यंत ऐकून घेऊन ती जे बोलली ते असे :

"तो खटका मी दुसऱ्याच दिवशी सकाळी उभा केला. बाटली भरायला लावली की माझा सगळा ओटा पुसून होतो. त्या दिवशी निम्मा पुसायच्या आत बाटली वाहायला लागली. खाली वाकून बघते तर खटका आडवा, आणि आतल्या खोलीत तुम्ही पालथे पडून कण्हताय. मला कळायचं काय राहिलं होतं?"

मग इतके दिवस बोलली का नाही, असे विचारता ती म्हणाली :

"बोलणारच होते. चांगली खरडपट्टी काढणार होते. पण संध्याकाळी दादा आला, पाणी छान आहे म्हणाला, आणि तुमचं तोंड असं उजळलं की मला बोलवेना. इतकी वर्षं अंधारात उठून गेलात. एकदा तरी कुणी म्हणालं का तुम्हाला, आज पाणी छान होतं म्हणून? गढूळ आलं की तेवढे फोन. म्हटलं, ऐकू देत. चार लोकांच्या तोंडून ऐकू देत."

यावर अर्जदारही मटार सोलू लागला.

अर्ध्या वाडग्यानंतर लक्षात आले की, खटका सहा महिने उभाच होता. म्हणजे पाणी गाळणीतूनच गेले. म्हणजे ती कोरी नळकांडी खोटी नव्हती आणि गच्चीवरच्या टाकीसकट पाणी खरोखरच स्वच्छ होते. जिने नमुना घेतला तिला निकालाची पर्वा नव्हती, आणि ज्याला पर्वा होती त्याला नमुना घेतला जातो आहे हेच माहीत नव्हते. इतकी निर्दोष तपासणी अर्जदाराच्या हातून एकतीस वर्षांत झालेली नाही. आणि पत्नी "चुकलंच माझं" म्हणाली ती सर्व काही ठाऊक असताना म्हणाली. ही बाब अर्जदाराने तिला बोलून दाखवली. ती म्हणाली, "मग? मी काय न तपासता बोलते?"

यंत्र परत पाठवू नये असे अर्जदारानेच सुचवले. सुनेला गरम पाणी लागते, गाण्याच्या बाईंची सवय मोडवत नाही, आणि खटक्याबद्दल थोरल्या मेव्हण्यांना काही कळू द्यायचे नाही असे ठरले आहे.

त्यामुळे वर विषयात लिहिलेली मागणी आता उरलेली नाही. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत एकदा लिहिलेले खोडायचे नसते. खाली दुरुस्ती लिहून सही करायची असते. त्या शिस्तीने अर्ज तसाच ठेवून मागणी पुढीलप्रमाणे बदलत आहे :

आज अर्जदाराच्या जागेवर जो कोणी असेल, जो उद्याही पहाटे बारा बाटल्या घेऊन निघेल, त्याला एकदा आपल्या खोलीत बोलवावे. आल्यावर तो घाबरेल, कारण त्या खोलीत चांगल्या कामासाठी कोणी बोलावत नाही. त्याला बसायला सांगावे आणि शहराचे पाणी छान आहे, एवढेच म्हणावे. असे कसे एकाएकी म्हणायचे, कारण काय दाखवायचे, असा प्रश्न आपणांस पडेल. आपल्या खात्यात अर्जाशिवाय काही होत नाही. म्हणून हा अर्ज केला आहे.

आपल्या खात्याचे पाणी पिणारा,
(सही)
माजी पाणी-तपासनीस

वाचले, बरोबर आहे :
(सही)
अर्जदाराची पत्नी

दिनांक : ९ मार्च, पुरवणी १० मार्च

सोबत : सहा महिने वापरलेली नळकांडी, एक. पाहून झाल्यावर नव्या तपासनीसास दाखवावी.