बोर्डाची भिंत तापीबाईला

अल्लाचं नाव घेऊन लिहिते. मी जाहेदा, इद्रिस कल्हईवाले यांची बायको, राहणार नंदुरबार. मराठी चौथीपर्यंत शिकले. डोकं ठिकाणावर आहे. भीती वाटते, ते खरं. दिवस भरलेत, आणि माझी आई माझ्याच वेळी बाळंतपणात गेली. पण भ्यायलेल्या बाईने लिहिलं म्हणून हे खोटं ठरवू नका.

पहिलं, घर. सासऱ्यांच्या मागे दुकान माझे जेठ, म्हणजे इद्रिसचे मोठे भाऊ, निजामभाई यांना गेलं आणि घर इद्रिसला. इद्रिसने ते निकाहात मेहर म्हणून माझ्या नावे केलं. निजामभाई पुढच्या खोलीत राहतात, ते आमच्या मर्जीने. हे कोणी विसरू नये.

आमच्यात मरणाऱ्याला आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्साच मनाने देता येतो, आणि तोही बाहेरच्याला. वारसांचे हिस्से ठरलेले असतात. ठीक आहे. माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून मी ओसरीची भिंत देते. जिच्यावर विजेचा बोर्ड आहे ती, बोर्डासकट.

हा बोर्ड सासऱ्यांनी लावला, तेव्हा गावात वीज नव्हती, कापसाच्या जिनच्या इंजिनावरून तार आणली होती. लोक दिवा बघायला यायचे. मग गावात कंपनीची वीज आली, पण बोर्ड तोच. लाकूड वाळवीने खाल्लं, तारांवरचं कापड कुजलं. कंपनीचा माणूस म्हणाला, हे काढा, नवं बसवतो. निजामभाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मला म्हणाले, "दुल्हन, अब्बानी लावेल बोर्ड शे तो. तू काल आली."

फ्यूजमध्ये बारीक तार असते. काही बिघडलं की तिने जळून तुटायचं, म्हणजे माणूस वाचतो. आमच्याकडे ती सारखी तुटायची. निजामभाईंना तो कमीपणा वाटला. तांब्यापितळेत जन्म गेला त्यांचा. दुकानातली हांड्याचे कान बांधायची जाड तांब्याची तार आणून घातली आणि चारचौघांत सांगितलं, "आपली तार कधी तुटस नही."

नाहीच तुटली. गेल्या पावसाळ्यात भिंत ओली झाली, आणि त्याच भिंतीतल्या खिडकीच्या गजाला बांधलेली माझी शेळी उभ्या उभ्या मेली. निजामभाई म्हणाले साप चावला. साप चावल्याची खूण कुठे, विचारलं, तर म्हणाले बाईमाणसाने फार बोलू नये. परवा माझ्या लेकीने, शकीलाने, तोच गज धरला. तिला ओरडताही येईना. मी लाकडी पाट उचलून तिच्या हातावर मारला तेव्हा हात सुटला. तिच्या मनगटावर वळ आहे तो माझ्या माराचा. मी मेले तर पाट कोण उचलेल?

म्हणून ती भिंत शेजारच्या तापीबाईला. तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "दे वं माय. मन्ही भीत शे म्हंतस ना, मंग मी देखस कोण आडा येस ते." तिने पहिल्याच दिवशी कंपनीच्या माणसाला बोलवावं आणि बोर्ड, तारा, सगळं उतरवून घ्यावं. जुनं लाकूड चुलीत घालावं. भिंत नंतर इद्रिसला परत द्यायची की तिच्यावर गोवऱ्या थापायच्या, तिची खुशी.

माझी हातातली चांदीची कडी शकीलाच्या हिश्श्यात धरावीत. कोणी मोडायची नाहीत, दुसऱ्या लग्नासाठी तर नाहीच. इद्रिस, लग्न कर, मी नाही म्हणत नाही. पण शकीलाला जवळ घेईल अशी बघ.

निजामभाईंना कंदील. काच मी पुसून ठेवली आहे. ते म्हणतात वीज गेली तर खानदानाची इज्जत जाईल. कंदिलाजवळ बसून इज्जत सांभाळावी.

आणि मी वाचले, तर हा कागद फाडा. भिंत तापीबाईला मिळणार नाही, माझीच राहील, आणि बाळंतपणाचे चाळीस दिवस, चिल्ला, उतरला की बोर्ड मी स्वतः उतरवीन. तेव्हा निजामभाईंनी माझ्या मरणाची वाट बघू नये आणि जगण्याचीही नाही. बोर्ड जाणार.

इद्रिस, तू मोठ्या भावासमोर मान वर करत नाहीस, मला माहीत आहे. मी कधी बोलले नाही. खाली तुझी जागा रिकामी ठेवली आहे. निकाहात तीन वेळा म्हणालास, इथे एकदा लिही. भावासमोर लिही.

नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश. ता. ७ जुलै १९४५.

सही: जाहेदा

साक्षीदार:
चुनीलाल, किराणा दुकानदार. समोर वाचून घेतलं, सही केली.
अख्तरबानो, सुईण. अंगठा.

इद्रिस, नवरा: कबूल. भाईजानसमोर लिहितो आहे. मेन बंद करून तांब्याची तार मी आत्ता काढली, ती त्यांच्या हातात दिली. कंदील लावला आहे, म्हणून अक्षर वाकडं.