गंगेचे चाळीस गडू

९ ऑगस्ट १९३७, श्रावणी सोमवार
नाशिकरोड ते त्र्यंबक, दोन खेपा. मोटार खच्चून भरलेली. मी क्लीनर, म्हणून मागे लटकलेला. लटकून माणसाला लय समजतं. मुंबईचा यात्रेकरू हमालाशी एका आण्यावरून अर्धा तास भांडतो. तोच देवाच्या दारात पिशवी उलटी करतो. केळं महाग म्हणणारी बाई गाईला चाऱ्याची अख्खी पेंढी घालते. हे शाळेत शिकवत नाहीत. तिसरीत सोडली ते बरंच झालं.

नांदगावहून कारभारीदादाचं कार्ड. दोन वर्षं झाली तरी फडकंच पिळतोस. दसऱ्यापर्यंत स्वतःचं दुकान दाखव, नायतर गप घरी येऊन औत धर.

औत धरणार नाही. लिहून ठेवतो. सही, खंडेराव.

११ ऑगस्ट
सुचलं. मोटार त्र्यंबकला तीन तास थांबते. तेवढ्यात आंघोळ, पूजा, दर्शन. मग भिमाबाई कासारणीकडे तांब्याचा गडू घ्यायचा, कुशावर्तात जाऊन गंगा भरायची, परत येऊन तांबटाकडून तोंडाला डाख लावून घ्यायचा, म्हणजे घरापर्यंत थेंब सांडत नाही. काल एका शेटजींची यातच मोटार चुकली. मी गडू आधीच भरून, डाख लावून तयार ठेवले तर? उतरा, घ्या, चला.

ड्रायव्हर खलीलमियाँना सांगितलं. ते म्हणाले, अरे खंडू, लोक इथं टाइम वाचवायला येतात का? अठरा वर्षं स्टेअरिंग धरलंय, पण बिझनेस कळत नाही बिचाऱ्यांना.

१४ ऑगस्ट
चांदीचं कडं विकलं. चाळीस गडू घेतले. भिमाबाई म्हणाली, रिकामेच वीक बाबा, भरू नको, गंगा ज्याची त्यानं भरायची असती. समजलो. घाबरली. धंद्यात हे चालायचंच.

१५ ऑगस्ट
स्वतः आंघोळ करून चाळीसही कुशावर्तात भरले. नळाचा थेंब नाही. सगळ्यांना पक्का डाख. तांबटानं दोनदा विचारलं, सगळे एकाच घरचे का? नुसता हसलो.

२३ ऑगस्ट, तिसरा सोमवार
डोंगराला फेरी घालणाऱ्यांची गर्दी. मोटारस्टँडवर फळी टाकून दुकान मांडलं. गिऱ्हाईक येतं, गडू उचलतं, विचारतं, कोणी भरला? मी म्हणतो, मी. मग परत ठेवतं, वर नमस्कार करतं आणि जातं. एक म्हातारी म्हणाली, माझ्या नावाची गंगा तुझ्याकडं आठ दिस काय करत व्हती रे? उत्तर होतं, पण ती थांबली नाही.
उत्पन्न: एक पैसा, दोन फुलं, थोड्या अक्षता. सगळं फळीवर वाहिलेलं.
सुरुवात वाईट नाही.

३१ ऑगस्ट
श्रावणातली माणसं हलकी. पितृपक्षात क्वालिटी पॅसेंजर येतील.
तरी भिमाबाईला सहज विचारलं, परत घेतेस का? म्हणाली, रिकामे असते तर घेतले असते. डाख फोडला की तोंड बिघडतं, आणि आतली गंगा वतू कुठं? खलीलमियाँ म्हणाले, ओत त्या गटारात. एक गडू घेऊन गटारापर्यंत गेलो. ओतला नाही. हात दुखत होता.

२६ सप्टेंबर
आई आणि दादा आले, वडलांच्या श्राद्धासाठी. दादानं माझं दुकान पाहिलं. फळी पाहिली. खालची वीट पाहिली. दबला असणार.

आई हमालाशी पैशासाठी भांडली, चहा नको म्हणाली. मग भिमाबाईकडं गेली आणि रिकामा गडू, सांगितली ती किंमत देऊन घेतला. मी म्हटलं, आई, घरचे चाळीस पडलेत, फुकट. म्हणाली, लेकरा, तू वाकून भरलीस ती तुझी. मी वाकले नाय तर माझी कशी? कुशावर्तात गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली, आपल्या हातानं भरला. पाय घसरला. गडू सोडला नाही.

आता त्या एका गडूपायी दादाला अख्ख्या आळीला जेवण घालावं लागणार. गंगा घरात आली की मावंदं करावंच लागतं. दादाचा हात पहिल्यापासून सैल.

जाताना म्हणाला, दसऱ्याला ये. दुकान घेऊन ये.

१० ऑक्टोबर
नवा विचार. ज्यांना इथवर येणं जमतं ते माझं गिऱ्हाईकच नाही. जमत नाही ते खरं गिऱ्हाईक. असे सगळे नांदगावात बसलेत. माल तिकडे न्यायचा. दुकान घेऊन ये म्हणाला ना. नेतो.

१३ ऑक्टोबर
दोन पोती गडू खलीलमियाँनी मोटारीच्या टपावर चढवले. आगाऊ कार्ड टाकलंय, चाळीस गडू घेऊन येतोय. स्टेशनवर मी रेल्वेत चढलो तरी ते माझ्याकडं बघत उभे. म्हणाले, खंडू, बेटा, घरी कोणाला विचारलंस? मी म्हटलं, माझं दुकान, मी का विचारू.

१४ ऑक्टोबर, दसरा
स्टेशनावर वाजंत्री. बायका आरत्या घेऊन. माझे पाय धुतले. गडू डोक्यावर घेऊन मिरवणूक. भाव कोणीच विचारला नाही. पोरं मोजत होती, मोठ्यानं. चाळीसाला टाळ्या.

संध्याकाळी पारावर म्हातारे बसले. एका गडूला आळी जेवली. चाळीस गडूंना काय? ठरलं की सगळं नांदगाव, शिवाय भोवतालची बारा गावं. धान्य एवढं कोणाकडं नाही, म्हणून हरभरा-गहू निघाल्यावर. दादाला विचारलं. दादा म्हणाला, गंगा ज्यानं भरली, मावंदं त्याचं. पिकवील तो.

सगळे माझ्याकडं बघत होते. आईसुद्धा. तिच्या डोळ्यात पाणी होतं. नाय म्हणायचं ठरवलं होतं.

१८ ऑक्टोबर
गडू देव्हाऱ्यात मावत नाहीत. माझ्या खाटेखाली ठेवलेत.
आज औत धरलं. सही करत नाही.