मोकळ्या खुर्चीचा वकील

ती. ताईस साष्टांग नमस्कार (तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावरच घालतो).

आयुष्यात ज्यांना कोणी वाक्य पुरं करू दिलं नाही अशा समस्त दुर्दैवी भावंडांनो, म्हणजे तू आणि मी! बाबा ताटावर बसले की "पुरे" म्हणायचे आणि आपली तोंडं मिटायची. मग मी ट्रंकेवर उभा राहून भाषण ठोकायचो, आणि तू शिवणयंत्रावरचा पाय थांबवून शेवटपर्यंत ऐकायचीस. तो पाय आता कसा आहे? भावजींचा खोकला?

माझं म्हणशील तर प्रकृती उत्तम, अब्रू तोळामासा. घरमालकाने तुझ्या शिवणाच्या दुकानावर लावलेल्या दाव्यात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा चाळीस मिनिटं बोललो आणि न्यायाधीशांनी एकदाही टोकलं नाही. (ते डुलकी काढत होते असं कारकून सांगतो. कारकून जळतात.) मग टीव्ही वाहिनीचं चर्चेला बोलावणं आलं. कोर्टात आपण आधी बाजू घेतो आणि मग उभे राहतो. तिथे आधी बसायचं आणि खुर्चीची जी असेल ती आपली बाजू. त्या दिवशी विषय निघाला नेमका घरमालक आणि भाडेकरूंचा. मी म्हटलं, मला भाडेकरूंकडून बोलू द्या. तिथली मुलगी म्हणाली, "सर, तिकडे प्राध्यापक बसलेत, ते लवकर आले." मग मी मालकाच्या खुर्चीत बसलो आणि गरजलो, "भाडेकरू हा पाहुणा आहे, आणि पाहुण्याला उठायची वेळ कळली पाहिजे!" ताई, तिथेही मला कोणी मध्ये तोडलं नाही. तोडायला हवं होतं गं.

ते वाक्य घरोघरी पोचलं. मी तुझा दावा हाताखालच्या पोराकडे सोपवला आणि कंपनी काढली. फोनवर प्रश्न टाका, यंत्र कायदेशीर सल्ला देणार. (यंत्राला मीच शिकवलं, म्हणून तेही आत्मविश्वासाने बोलतं.) पहिलाच प्रश्न आला, "माझा वकील फोन उचलत नाही. तारीख परवा आहे. काय करू?" यंत्राने क्षणात उत्तर दिलं, "आपल्या वकिलाशी ताबडतोब संपर्क साधावा." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुझ्या दाव्याची तारीख आली तेव्हा मी कंपनीच्या दुसऱ्या शाखेची फीत कापत होतो. मालकाच्या वकिलाने कोर्टात माझंच वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं (हातवाऱ्यांसकट, आणि लोक सांगतात, माझ्याहून बरं), आणि वर म्हणाला, "हे तर बाईंच्या सख्ख्या भावाचं मत!" आपलं पोर कागदांत डोकं घालून बसलं. निकाल लागला, सव्वीस वर्षांचं दुकान महिन्याभरात रिकामं करा. गेल्या आठवड्यात कंपनीची जुनी नोंद चाळताना तो पहिला प्रश्न ज्या फोनवरून आला, तो नंबर पाहिला. तुझा होता.

निष्ठा विकत घेता येत नाही, असं मी सभांमधून मूठ आपटून सांगत आलो. खरंच आहे ते. माझी फुकट गेली, एका मोकळ्या खुर्चीपायी.

तुझा,
धाकटा

ता. क. तू शिवलेला काळा कोट मला घट्ट झाला म्हणून वाहिनीच्या रंगपटातल्या माणसाने तो पाठीवर उभा कापला. कॅमेऱ्याला पुढचंच दिसतं. न्यायाधीशांना वाकून नमस्कार करून मागे वळलो की सगळ्या कोर्टाला माझा बनियन दिसेल. तरी चालेल.

ता. क. २. पत्र हे निमित्त. अपिलाची मुदत शुक्रवारी संपते आणि सोबत माझ्या नावाचं वकीलपत्र जोडलंय. माफीचं मागाहून बघ, वाटल्यास कधीच करू नकोस. कंपनीच्या दाराला कुलूप घालून आलोय आणि तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसलोय. शटरमागे तुझं शिवणयंत्र चालू होतं, ते मी हाक मारताच थांबलं, म्हणजे तू आत आहेस. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर, आणि कागद शटरखालून बाहेर सरकव.