पन्नास रुपयांना एक उखाणा

९ मार्च

सरजाबाई आजी सकाळीच ओट्यावर येऊन बसल्या. नातवाचं बारसं आहे, बाया नाव घ्यायला लावतील, उखाणा पाहिजे. वय सत्तरीचं! म्हटलं, आजी, आतापर्यंत कसं भागवलं? तर म्हणाल्या, "भाजीत भाजी मेथीची. आता वीट आला बाई त्या मेथीचा."

दर सांगितला. पन्नास रुपये. आजींनी तोंडाला पदर लावला. "तेवढ्यात मेथीच्या पाच जुड्या येत्यात!" पण उठल्या नाहीत. म्हणजे घेणार.

मग नियम सांगितला. नवऱ्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला लागू होणार नाही अशी. चांदीची वाटी, सोन्याची साखळी, महादेवाची पिंड — हा माल माझ्याकडं मिळत नाही. तो मोबाईलवर फुकट आहे, तिकडं जा.

आजी बराच वेळ चप्पल खालीवर करत बसल्या. मग म्हणाल्या, "भांडण झालं की मालक बोलत न्हाईत. पर सकाळी उठून बघावं तर हंडा भरलेला."

झालं माझं काम. चहा बी आजींनीच घरी नेऊन पाजला.

११ मार्च

बारशात आजोबा लाजून मांडवाबाहेर गेले म्हणे! एका बारशातून तीन गिऱ्हाइकं.

१६ मार्च

हे सगळे उद्योग फोनसाठी चाललेत. दिवाळीत कापूस वेचून पाहिला — दोन दिवसांत कंबर मोडली. मेंदी काढून पाहिली. मोर काढला, बदक झालं. नवरी रडली. मामाच्या केटरिंगवर वाढायला गेले, तर तिथं अकरावीचे सर जेवायला बसलेले. त्यांना जिलबी वाढताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उखाणा मात्र जमतो. अंगाला घाम नाही, मालाला खर्च नाही.

अडचण एकच. ऑर्डरी येतात ताईच्या जुन्या फोनवर. मंजुषाताईचं जमलंय, चारठाण्याचं स्थळ. योगीराज नाव, खताचं दुकान. मे महिन्यात लग्न. ताई जाणार म्हणजे फोन बी जाणार. त्याआधी माझा स्वतःचा पाहिजे.

आई म्हणते, "बहीण चालली त्याचं कायी न्हाई, हिला फोनचं पडलंय." बरोबर आहे. पण ताई सेलूला रोज जातेच की! दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. दुपारी सुटली तरी जीप मिळून वालूरला घरी येईतो संध्याकाळ होते, तोवर दिवस माझा एकटीचाच असतो. सवय आहे.

२३ मार्च

आई गिऱ्हाईक म्हणून आली. ताईच्या साखरपुड्याला उखाणा पाहिजे. पैसे देणार! म्हणजे बाबांच्या शर्टातून काढणार.

ताईला विचारलं, योगीराजदाजींची एक खरी गोष्ट सांग. म्हणाली, "तुला सुचंल ते लिही." म्हटलं, तसं नाही चालत. सरजाबाईला नियम आणि सख्ख्या बहिणीला सूट?

"बघू," म्हणाली आणि पापड उलटायला गच्चीवर गेली. पापड आताच टाकले होते.

२५ मार्च

ताईनं सांगितलं! मी भाकऱ्या करत होते. पाठीमागं येऊन, आपण होऊन.

"दुपारी सुटले की हेल्मेट घालायचं म्हणलं तर डोकं भाजतं. उन्हात तापलेलं असतं ना. म्हणून मी यायच्या आधीच तो हेल्मेट घेऊन सावलीत बसतो. मांडीवर. गाडी राहू दे उन्हात."

मी थांबले. इतकी चांगली गोष्ट आजवर एकीनं सुद्धा सांगितली नव्हती. दाजी सेलूला दोनदा येऊन गेलेत, एवढं मला माहीत होतं. हेल्मेटपर्यंत गोष्ट गेली असेल असं वाटलं नव्हतं. बरं झालं म्हटलं. माणूस बरा दिसतोय.

भाकरी करपली. पण उखाणा बसला —

गाडी तापली उन्हात, हेल्मेट ठेवलं गार,
योगीराजरावांचं नाव घेते, जपतात मला फार.

६ एप्रिल

साखरपुडा. मांडवात पंखे दोन, माणसं दीडशे. ताईनं नाव घेतलं. आवाज स्पष्ट, मान खाली. बायकांनी काय गलका केला! "म्हंजे आधीच फिरून बी झालं व्हय!" दाजींची आई हसून हसून डोळे पुसत होती.

दाजी पण हसले. जरा उशिरा हसले. इकडं तिकडं बघून.

मी बासुंदी दोन वाट्या खाल्ली.

७ एप्रिल

सकाळपासून फोन थांबेना. चारठाण्याकडून पाच जणी! मे महिन्याच्या आत फोन येतोय बघ.

१० एप्रिल

दाजींचा फोन आला. ताईला नाही, मला.

"निकिता, ते हेल्मेटचं कुठून काढलंस?"

म्हटलं, का हो दाजी?

"न्हाई, सहज इचारायलोय. माझ्याकडं हेल्मेटच न्हाई. आन मंजुषा माझ्या गाडीवर कधी बसली बी न्हाई. हाटेलात च्या पेलो फकस्त, दोन्ही बारीला."

मी म्हटलं, रेंज नाही. ठेवून दिला. रेंज चांगली होती.

११ एप्रिल

ताई कपडे धूत होती. मी पिळू लागले. दाजींचा फोन आला होता, सांगितलं. ताईनं साबण लावायचा थांबवला नाही.

"तू इचारलंस, खरी गोष्ट सांग. माझ्याकडं खरी एकच होती."

मग कोण, विचारलं.

"दवाखान्याखाली मेडिकल हाय ना. तिथं असतो. धम्मदीप. दुपारी मला जीपच्या थांब्यावर सोडतो."

मी हातातली चादर खाली ठेवली. आडनाव विचारायची गरज नव्हती. बाबांना तर मुळीच लागणार नाही. बाबा गावात सगळ्यांशी गोड बोलतात, सगळ्यांच्या लग्नाला जातात. आपल्या घरात काय चालतं आणि काय नाही, ते मात्र आम्हाला न सांगता माहीत आहे.

"किती दिवस झाले?" "दोन वर्षं." "मग साखरपुड्याला हो का म्हणलीस?" "इचारलं कुणी? स्थळ आलं, आईनं पोहे केले, झालं."

खरं आहे. पोहे मीच नेऊन दिले होते.

तरी मला राग आला. लय राग आला. म्हटलं, दुसरं काही बी सांगायचंस! पिंड तरी घाल म्हणायचंस! ताई म्हणाली, "तोंडातून निघून गेलं. कुणी आजवर इचारलंच न्हवतं ना."

चादर पुन्हा धुवावी लागली.

१२ एप्रिल

दोन मार्ग. दाजींना खरं सांगायचं — मग ताईची नोकरी बंद, सेलू बंद, घराच्या बाहेर पाऊल बंद. किंवा सांगायचं की मीच बनवलं. मग माझं दुकान बंद. खऱ्या गोष्टीचे पैसे घेते म्हणून तर लोक येतात.

शाळेत असते तर म्हटलं असतं, विचार करून सांगते. इथं फोन वाजत होता.

"दाजी, ते मीच बनवलं. ताईला कायी सुचंना. मला पैसे पाहिजे होते."

दाजी एवढ्या जोरात हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आगं येडे! आन मी दोन रात्री झोपलो न्हाई!" गडी साधा आहे. हेच तर अवघड आहे.

१५ एप्रिल

दाजींनी आईला सांगितलं. त्यांच्या आईनं सगळ्या चारठाण्याला सांगितलं. पाची ऑर्डरी रद्द. वालूरात एक बाई दारात येऊन म्हणाली, "माझ्या उखाण्यात माझ्याच नवऱ्याचं होतं का दुसऱ्या कुणाचं?" पैसे परत मागितले. दिले.

आई म्हणाली, "नाक कापलंस. पन्नास रुपयासाठी खोटं लिवलंस." ताई तिथंच भाजी निवडत होती. मेथीची अख्खी जुडी तिनं पाल्यासकट देठांच्या ढिगात टाकून दिली, आणि आईनं मग तिला झापलं.

१६ एप्रिल

सरजाबाई आजी आल्या. म्हटलं, पैसे परत पाहिजेत का?

"कशाला? लोकं म्हंत्यात तू बनवून लिवती. हंडा तर मी रोज बघते."

बसल्या, पाणी पिऊन गेल्या. रडू आलं मला. कुणी नव्हतं म्हणून रडून घेतलं.

२० एप्रिल

दाजी आले. अचानक. हातात नवं कोरं हेल्मेट! लाल. वर फुलं काढलेली, बायकांचं.

"उखाणा खोटा पडला ना, म्हणलं आपण खरा करून टाकू," म्हणाले आणि ताईच्या पुढं धरलं. बाबा खूश. आईनं हेल्मेटला हळदकुंकू लावलं! मी खोटं नाही लिहीत, लावलं.

ताईनं हेल्मेट घेतलं, मांडीवर ठेवलं. दाजी जाईपर्यंत तसंच. गेल्यावर मला म्हणाली, "त्यो बी वाईट न्हाई गं. त्याला फशिवणं बरं न्हाई." मी म्हटलं, मग? ती हेल्मेट कपाटावर ठेवायला उठली.

मला काय त्याचं, असं म्हणून झोपायला गेले. झोप आली नाही.

२४ एप्रिल

पत्रिका छापून आल्या. पहिली देवाला ठेवली. माझ्या फोनचं नाव आता घरात कुणी काढत नाही. मी पण नाही.

२७ एप्रिल

रविवार. बाबा चहा पीत होते, आई पत्रिकांना कुंकू लावत होती. ताई आली आणि सगळ्यांच्या समोर माझ्या हातात पन्नासची नोट ठेवली.

"उखाणा तोच ठेव, निकिता. फकस्त नाव बदल."

बाबा म्हणाले, "कुणाचं नाव?"

ताईनं सांगितलं. आवाज स्पष्ट, मान वर.

बाबांची कपबशी हातातच राहिली. आई माझ्याकडं बघायला लागली — मी ती नोट परत करते का म्हणून.

नाव मधे असतं. यमकाला धक्का लागत नाही. मी नोट घेतली.