घरचंच रान

दादा,

चार वर्षांत तुला एक हाक मारली नाही. सुयशच्या लग्नाचं निमंत्रणसुद्धा दिलं नाही. सुनेला मात्र भाड्याच्या हेलिकॉप्टरनं आणायची हौस होती मला. काल चाकणच्या वर आलो आणि इंजिन बंद पडलं. पंखा नुसता वाऱ्यावर फिरत होता. खाली सगळीकडं कंपन्यांचे पत्रे आणि विजेच्या तारा. त्यातले काही पत्रे मी विकलेल्या जमिनीवरचे. पायलट म्हणाला, "ते एकच रान मोकळं दिसतंय." ते तुझं होतं.

ते विकत नाहीस म्हणून चारचौघांत मी तुला येडा म्हणालो होतो. तुझ्या दारात आलेले निम्मे एजंट मीच धाडले होते, हे तुला अजून माहीत नाही.

ढेकळांत आदळलो, पण कुणाला खरचटलंही नाही. तू अनवाणी पळत आलास, आधी सूनबाईला उतरवलंस. "घाबरू नको पोरी, घरचंच रान हाय." वहिनीनं तिला दारात उभं करून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी लांब मान खाली घालून उभा.

आमच्या घरी पोचल्यावर तुझी भावजय ओवाळायला आली, तर सूनबाई सासूला म्हणाली, "आत्या, मघाशी ओवाळलं की. ते आपलंच घर ना?"

मी आत जाऊन हे लिहायला बसलो.

ही चिठ्ठी खिशातच राहील. एजंटांचं उद्या तोंडानंच सांगतो. सूनबाईला बरोबर आणतोय, म्हणजे तू मला दारातनं हाकलणार नाहीस.

तुझा धाकटा,
रोहिदास