पारूची गिऱ्हाइकं

३ नोव्हें., सोम.
स्नेहल आजपासून कामाला. ती इस्लामपूरला तिच्या घरी, आम्ही इथे वेसाव्यात. मासळीच्या ऑर्डरी, फोन, मेसेज, सगळं तिकडे बसून तीच बघणार. याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात असं आयला सांगितलं. आयचा एकच प्रश्न, "तिना कदी हलवा नि पापलेट शेजारी ठेवून बगितलाय काय?" बहुतेक नाही. फोटो पाठवलेत.
माझा नवरा मनीष पहाटे बंदरावर लिलावाला, तिथून आला की स्कूटरवर डिलिव्हरी. मी मासे साफ करते, पॅक करते, तेवढ्यात फोन, आणि हात खवल्यांचे. कोणीतरी हवंच होतं. साकीनाक्याची नोकरी सोडताना ऑफिसात पेढे वाटले होते, आता मालकीण होणार म्हणून. झाले मोलकरीण, ती पण स्वतःचीच.

५ नोव्हें.
पोरगी हुशार आहे. मागे तिचं बाळ रडायला लागलं की म्यूट करते, मग सॉरी म्हणते. म्हटलं सॉरी नको गं, माझ्या मागे कोयता वाजत असतो तो चालतो ना तुला.
रोज सकाळी "आजची मासळी" असा मेसेज टाकायचा, फोटोसकट, भावासकट. कल्पना तिचीच. त्यासाठी नंबर हवेत. आयचा फोन घेतला, त्यातले सगळे नंबर काढून पाठवून दिले. आय शेजारीच लसूण सोलत होती. काय करतेस विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही.

८ नोव्हें., शनि.
लोखंडवाल्यात डिलिव्हरी, कारण मनीषला ताप. लिफ्टमध्ये होते तर स्नेहलचा मेसेज. बऱ्याच नावांआधी पारू लिहिलंय, पारू डॉक्टरीण, पारू दुसरा मजला, ही वेगळी ठेवू का मॅडम? दोन्ही हातांत पिशव्या. अंगठ्याने लिहिलं, सगळ्यांना पाठव.

९ नोव्हें., रवि.
झकास! कोळंबी दुपारच्या आत संपली, सुरमई त्याआधी. मनीष तापातून उठून परत बंदरावर गेला. मी पाठ टेकली ती आत्ता. हात दुखतायत पण बरं वाटतंय, खूप दिवसांनी.

१४ नोव्हें., शुक्र.
ऑर्डरी वाढतायत. माझ्या एकटीच्याने कापणं होत नाही. बाई बघावी लागणार.
आय गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाजारात फक्त बुध-शुक्र-रवि जाते. आज आली ती म्हणाली, पारू मावशीची पाटी दुपारपर्यंत तशीच भरलेली होती, भवानी पण उशिरा झाली. पारू मावशी म्हणजे आयची बाजारातली शेजारीण. नात्याची नाही, पण मला कळायला लागल्यापासून दोघींच्या पाट्या एकमेकींना लागून. मी म्हटलं, असेल मंदी. आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

१९ नोव्हें., बुध.
वाट लागली.
पारू मावशीची जुनी गिऱ्हाईक, ती डॉक्टरीण, बाजारात आली होती लिंबं घ्यायला. आयला बघून थांबली. म्हणाली, तुमची सर्विस फार छान हो, आता आम्ही तुमच्याकडूनच मागवतो, बोंबील किती स्वच्छ करून देता. पारू मावशी हातभर अंतरावर बसलेली. डॉक्टरीणबाईंच्या मनात काही नसेलही. लिंबं घेऊन गेल्या.
आयने घरी येऊन मला हे सांगितलं, उभ्यानेच. जेवली नाही. मग फोन पुढे केला आणि म्हणाली, पारूचे नंबर कुठे गेले ते सांग.

२० नोव्हें.
लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरायचं सोंग करीन.
पारू मावशीला वाचता येत नाही. फोन बटणांचा, तोही नातवाने टाकून दिलेला. गिऱ्हाइकाने नंबर दिला की ती आयच्या फोनमध्ये घालायला लावायची. चांगला रावस आला की आयला म्हणायची, लाव गो त्या दुसऱ्या मजल्याला. आय लावून द्यायची. त्यातली निम्मी नावं मीच टाइप केलीत. पुढे पारू लिहायची युक्ती पण माझी, घोळ होऊ नये म्हणून.
बाजारात एक रीत आहे. दुसरीचं बांधलेलं गिऱ्हाईक समोरून गेलं तर हाक मारायची नाही. ती आजारी असेल तर शेजारणीने तिच्या गिऱ्हाइकांना मासळी द्यायची, ती उठली की परत तिच्याकडे पाठवायची. आयच्या ऑपरेशनच्या वेळी पारू मावशीने पूर्ण सीझन आयची गिऱ्हाइकं सांभाळली. काल आय हेच परत परत बोलत होती. "एक पन ठेवून घेतला नाय तिना. मोजून परत केलीन मना."
आणि मी लिफ्टमध्ये होते म्हणे.

२१ नोव्हें., शुक्र.
आय बाजारात गेली आणि तासाभरात परत. पारू मावशीने पाटी उचलून दुसऱ्या टोकाला मांडली होती. आपण होऊन गटाराकडच्या बाजूला. भांडली असती तर बरं झालं असतं. बाजारातल्या बायका भांडायला कधी मागे हटल्यात?
सगळा राग स्नेहलवर काढला. तुला कळायला नको का, वगैरे. ती एवढंच म्हणाली, मॅडम, मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. संध्याकाळी फोन करून माफी मागितली. मागे बाळ रडत होतं, यावेळी तिने म्यूट केलं नाही.

२४ नोव्हें., सोम.
पारू मावशीचे सगळे नंबर काढायला लावले. त्या आधी प्रत्येकाला शेवटचा मेसेज, की तुम्ही पारूताईंकडून वर्षानुवर्षं घेता, कृपया तिथूनच घ्या. स्नेहलने फार चांगला लिहिला.
उत्तरं आली. ती घरी आणून देते का? ऑनलाइन पैसे घेते का? दुसऱ्या मजल्याने लिहिलं, बाजारात चिखलात कोण जाणार, तुम्ही देत नसाल तर ॲपवरून मागवू. डॉक्टरीणबाईंनी नुसता अंगठा दाखवला, म्हणजे ठीक आहे की काय कोण जाणे.
चुकून घेतलेलं परत देता येतं असं मला वाटत होतं.

२८ नोव्हें., शुक्र.
मनीषशी वाजलं. त्याचं म्हणणं, ती गिऱ्हाइकं आपण घेतली काय, सोडली काय, पारू मावशीकडे कोणी जाणार नाही, ॲपवाले खातील, मग आपणच का नको. मी म्हटलं तुला लाज नाही. तो म्हणाला, लाज आहे, पण गणित पण येतं. ताट सरकवून उठले. राग याचा की तो खोटं बोलत नव्हता.
आयने दोघांचं ऐकलं. आज बाजाराचा दिवस होता, गेली नाही.

४ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला गुरुवार, ऑर्डरी नाहीत. हिंमत करून पारू मावशीकडे गेले. दार उघडंच होतं. बस म्हणाली, चहा दिला, साखर जास्त, मला लागते तशी. सुकत घातलेल्या बोंबलांचं बोलली, नातवाच्या शाळेचं बोलली. मी माफी मागितली तर ऐकलंच नाही असं केलं. शेवटी मीच रडायला लागले. तेव्हा म्हणाली,
"तुज्या आयला ठाव व्हता?"
नाही म्हटलं. शपथेवर नाही म्हटलं.
"फोन तिचाच ना गो."
एवढंच. कप उचलून आत गेली. पायरीवर बराच वेळ उभी राहिले, बाहेर आली नाही.
घरी आयने विचारलं, काय बोलली. मी म्हटलं, तुझी चौकशी केली. दुसरं काय सांगणार होते.

१२ डिसें., शुक्र.
आय बाजारात जायची बंद झाली, आता नक्की. गुडघ्याचं निमित्त सांगते. तिची जागा दोन दिवस रिकामी होती, मग पालघरकडची कोणी बसली. बाजार थांबत नाही. आयला हे मनीषकडून कळलं. "बसूदे. पोट हाय तिना पन." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, भर दुपारी.
घरात मदत करते म्हणून माझ्याबरोबर मासे कापायला बसते. गप्प बसून. बाजारात हिचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.
धंदा तसा चांगला चाललाय. हे वाक्य लिहायला सुद्धा नको वाटतं.

१७ डिसें., बुध.
स्नेहल म्हणते, मार्गशीर्ष संपतोय, रविवारी दुप्पट ऑर्डरी येणार, कापायला बाई घ्याच. कोळीवाड्याच्या ग्रुपवर टाकते म्हणाली, टाक म्हटलं. या वेळी मेसेज नीट वाचून मग हो म्हटलं. कामाचे तास, जागा, माझं नाव, सगळं बरोबर होतं.

१९ डिसें., शुक्र.
सकाळी दारात पारू मावशी.
आय ओट्यावर कोळंबी सोलत होती. मावशीला बघितलं आणि हात तसेच टाकून उठायला लागली, गुडघा धरून. तिच्या तोंडावर काय आलं ते मला लिहिता येणार नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "पारू, ये गो, बस."
मावशी आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच माझ्याशी बोलली, आयकडे न बघता. नातवाने ग्रुपवरचं वाचून दाखवलं म्हणे. कापायला बाई पाहिजे ना. पाटी आता उचलत नाही, उचलून करायचं काय. पापलेट, सुरमई, बोंबील, सगळं कापून देईन.
"दिसाचा काय तो दे. मना ठेव."
जिने आयुष्यात कोणाच्या हाताखाली काम केलं नाही, ती. मी काय बोलले आठवत नाही. सांगते म्हटलं बहुतेक. ती मान हलवून निघाली. आय मागून दोनदा पारू, पारू म्हणाली. ती गेली.
आय परत खाली बसली. कोळंबी हातात घेतली, सोलली नाही.
मी विचारलं, काय करू आय?
म्हणाली, "ती बसंल कुठं?" आमच्या मोरीत कापायला दोघींपुरती जागा आहे. समोरासमोर.
मनीष म्हणतो, ठेव, तिला गरज आहे, तुलाही आहे. स्नेहलचा मेसेज येऊन पडलाय, मॅडम, बाई मिळाली का, रविवारच्या ऑर्डरी घेऊ ना? दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. आय अजून ओट्यावरच आहे.